इन्शाअल्ला निवडणारी

३ मार्च, रविवार

या वहीच्या रेघा इतक्या जवळजवळ कोणी आखल्या कोण जाणे. माझं एक अक्षर उभं राहायला दोन रेघा मागतं, शेपटीचं असलं तर तीन. पेन दाबलं तर कागद फाटतो, नाही दाबलं तर उमटत नाही. आणि पहिल्याच पानावर छापलंय, "आपला अनुभव मोकळेपणाने लिहा." मोकळेपणाला जागा ठेवलीय का मेल्यांनी. असो. सलाम.

वही रनीमच्या संस्थेची. रनीम माझी नात, माझ्या नवाफची मुलगी, तेवीस वर्षांची, दिवसभर लॅपटॉपला डोळे लावून बसलेली असते. ही आणि तिच्यासारखी चार जणं मिळून मोबाइलचं ॲप बनवतायत. मफ्रकमध्ये ज्याला काम हवंय आणि ज्याच्याकडे काम आहे, त्यांची गाठ घालायची. आम्ही सीरियातून आलेले आणि इथले जॉर्डनी, दोघांसाठी एकच. थोडक्यात, मोबाइलात बसलेला मुकादम. मी त्याला मुकादमच म्हणते. ॲप म्हणायला गेलं की शिंक अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

मुकादमाची परीक्षा घ्यायला साठ माणसं गोळा केली, त्यांत मी. रनीम सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या तेताला जमलं तर कोणालाही जमेल. हे तिने आजीचं कौतुक म्हणून सांगितलं. प्रत्येकाला एक वही दिली, रोज लिहा म्हणाले, काय अडलं, काय आवडलं. मी भांडून दोन घेतल्या. पातळ वही त्यांची. तीत मी "फार छान" लिहिते आणि रोज नुसती तारीख बदलते. ही जाड माझी. चौथीतून काढून वडिलांनी टोमॅटोच्या वाफ्यात उभी केली होती, पण मनातलं वाईटसाईट लिहिण्यापुरतं चार वर्षांत शिकून झालं होतं.

नाव नोंदवायच्या दिवशी "वदहा" असा पुकारा झाला. तीनदा झाला. मी आजूबाजूला बघत होते, कोण ही बहिरी, उठत का नाही. शेवटी रनीमने दंड धरून मला उठवलं. आई गेल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारली नाही, सगळ्यांची मी उम्म नवाफ, नवाफची आई. मग टेबलामागच्या पोरीने विचारलं, काम काय येतं. म्हटलं, काही नाही. पाच बाळंतपणं, चाळीस वर्षं शेत, अख्खं घर उचलून सीमेपार आणलं, आणि त्या पोरीने निमूट लिहून घेतलं, "काही नाही". सांगितलं मीच म्हणा.

५ मार्च, मंगळवार

मुकादम इन्शाअल्लाला अडला.

मुकादम विचारतो, अमुक ठिकाणी काम आहे, रविवारी सकाळी येणार का. खाली दोन बटणं, हिरवं हो आणि लाल नाही. आता लाल कोण दाबणार? चालून आलेल्या भाकरीला नाही म्हणायचं, शोभतं का? आणि हिरवं तरी कोणत्या तोंडाने दाबायचं? रविवारपर्यंत कोण जगतंय, कोण मरतंय, ते काय आपल्या हातात आहे? म्हणून लोक दोन्ही बटणं सोडून मुकादमाला आवाज पाठवतात, "इन्शाअल्ला". संस्थेत थंड देशातली एक उंच बाई आहे, सगळ्यांची वरिष्ठ. तिने डोकं लढवून तिसरं बटण ठेवलं, इन्शाअल्लाचं. मग सगळ्यांनी तेच दाबलं. चाळीस जणांनी दाबलं, त्यांतले अकरा कामावर पोचले.

अबू सखर नावाचा कंत्राटदार संस्थेत येऊन गरजून गेला. जॉर्डनी माणूस, शाळेची नवी इमारत बांधतोय, सगळ्यात जास्त माणसं त्यालाच हवीत. तो म्हणाला म्हणे, तुमचे सीरियन इन्शाअल्ला म्हणून येत नाहीत, आमचे जॉर्डनी इन्शाअल्ला म्हणून येत नाहीत, या एका बाबतीत तुम्ही दोघांना सख्खे भाऊ केलंत. असंच चाललं तर तो सोडून जाणार. तो गेला की बाकीचे कंत्राटदार त्याच्यामागून जाणार, आणि मग मुकादम संपला. थंड देशातल्या बाईने रनीमला विचारलं, शंभरात किती इन्शाअल्लांचा अर्थ हो असतो?

पोर घरी आली ती तोंड पाडून. मी मसूर निवडत होते. तिने मोबाइलवर पाच जणांचे आवाज लावले, माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्याच डोक्याला ताप म्हणून. मी ताटातून मान वर न करता सांगितलं, हा येईल, हा नाही, हाही नाही, हा दुपारनंतर उगवेल, आणि हा येणार नाही आणि मावशी वारली म्हणून सांगेल.

७ मार्च, गुरुवार

पाचही बरोबर निघाले. फक्त शेवटच्याचा मामा वारला होता, मावशी नव्हे. मान खाली घालते.

१० मार्च, रविवार

मला नोकरी लागली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ज्या बाईला काही येत नाही असं कागदावर लिहिलंय तिला. चाकांची खुर्ची दिली, बसले तर ती भिंतीपर्यंत गेली. कानांवर दोन वाट्या अडकवतात, त्यांतून एकेक इन्शाअल्ला येतो. नाव कळत नाही, नुसता आकडा दिसतो. येणार वाटलं तर मी हिरवं दाबायचं, नाही वाटलं तर लाल. कंत्राटदाराला हिरवेच कळवतात.

थंड देशातल्या बाईने दुभाष्याकरवी विचारलं, तुम्ही हे ओळखता कसं. मी म्हटलं, चाळीस वर्षं गावात लग्नं जमवली. मुलीची आई इन्शाअल्ला म्हणाली की कापड घ्यायचं की परत फिरायचं, ते उंबरा ओलांडायच्या आत कळावं लागतं. बाईने ते लिहून घेतलं. मग मी तिला तीन खुणा सांगितल्या. इन्शाअल्लानंतर जो काही विचारतो, बस कुठून, जेवण मिळेल का, तो येतो. प्रश्न संपायच्या आत जो म्हणतो, तो येत नाही. आणि मागून दुवा जोडतो, अल्ला तुम्हाला आयुष्य देवो, तुमचे हात सलामत राहोत, तो तर मुळीच येत नाही. दुवा जितकी लांब तितका माणूस लांब.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं पुन्हा सांगितलं. सून फिद्दा म्हणाली, यम्मा, तुम्ही मोठ्या झालात. लसूण सोलत म्हणाली, त्यामुळे खरं म्हणाली की टोमणा मारला ते कळलं नाही. लोकांचं मला एका शब्दात कळतं, फिद्दाचं अठ्ठावीस वर्षांत कळलेलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

आज मी घरातला प्रश्न सोडवला.

माझा नवाफ गावी मुअल्लिम होता, गिलाव्यातला मोठा मिस्त्री, हाताखाली नऊ माणसं. त्याने केलेल्या भिंतीला गाल लावला तर रेशमासारखी लागायची. इथे आल्यापासून सात वर्षं घरात. कधी म्हणतो परवाना नाही, परवाना मिळाला तर पाठ दुखते, पाठ राहिली तर काम लांब. तोंडावर मी त्याला आळशी म्हणते, पण इथे आळशी नाही असं लिहायला मी तयार आहे, कारण बाजार करतो, भाजी चिरतो, बायकोसारखी केरसुणीही मारतो. पण गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची वेळ आली की फिद्दा शिडीवर चढते आणि हा खाली शिडी धरून उभा. मी दर वेळी म्हणते, बायको वर आणि नवरा खाली, असं घर मी जन्मात पाहिलं नाही. तो हसतो. हसणाऱ्या माणसाला आणखी काय बोलणार, तरी मी बोलते.

अबू सखरला शाळेच्या तीन मजल्यांसाठी गिलाव्याचा मिस्त्री हवाय. मी नवाफचं नाव घातलं. रनीम म्हणाली, तेता, बाबांचं उत्तर बाबांनी द्यायचं असा नियम आहे. ठीक. जेवायला बसलो तेव्हा मी मोबाइल त्याच्या तोंडाशी धरला आणि मुकादमाचा प्रश्न मीच वाचला. माझं वाचणं संपायच्या आत तो म्हणाला, इन्शाअल्ला, अल्ला तुझी सावली आमच्यावर ठेवो, तुला निरोगी आयुष्य देवो, आमच्या वाट्याचंही तुला देवो. किती गोड बोलतो. मी तिथल्या तिथे हिरवं दाबलं.

फिद्दा दूध उतू जातंय म्हणून उठून गेली. दूध ठेवलेलंच नव्हतं, हिचं लक्ष कुठे असतं अल्ला जाणे. रनीमने मला विचारलं, तेता, तू ऐकलंस ना नीट? मी म्हटलं, तुझ्या बापाला दात नव्हते तेव्हापासून मी त्याचं ऐकतेय.

१७ मार्च, रविवार

नवाफ कामावर गेला. सहाला बाहेर पडला. त्याची थापी आणि ओळंबा सात वर्षं माझ्या गादीखाली फडक्यात होते, ते मी काढून दिले. त्याने थापी हातात धरली, पुन्हा फडक्यात गुंडाळली, काखेत घेतली. फिद्दाने भाकरी, ऑलिव्ह आणि उकडलेली अंडी बांधून दिली. साडेचारला परत आला. कसं होतं विचारलं, म्हणाला, अल्हम्दुलिल्ला. अंडी जशीच्या तशी परत आली. तिथे जेवण देतात वाटतं.

मी खालच्या जॉर्डनी घरमालकिणीला सांगितलं, मशिदीशेजारच्या किराणावाल्याला सांगितलं, संस्थेच्या पहारेकऱ्याला सांगितलं. पहारेकऱ्याने विचारलं नव्हतं.

१९ मार्च, मंगळवार

धुणं आज मी केलं, फिद्दाचा हात भाजलाय. तीन दिवसांचे नवाफचे कपडे. सिमेंटचा एक शिंतोडा नाही. त्याचे वडीलही मिस्त्री होते, त्यांची विजार धुतली की मोरी तुंबायची. मी फिद्दाला म्हटलं, तुझा नवरा जाईच्या फुलांनी गिलावा करतो की काय. ती म्हणाली, माशाअल्ला, सफाईचा हात आहे. ते खरंच आहे. गावातही त्याचं काम स्वच्छ असायचं. फक्त नाक उन्हाने सोलून निघालंय. शाळेला छप्पर नसेल अजून.

२१ मार्च, गुरुवार

आज आमच्याकडे आईचा दिवस. बाकीच्या चौघांचे चार देशांतून फोन आले, सगळ्यांनी तेच तेच विचारलं. नवाफने पिशवीभर खुब्बेझा आणली, माळावरची रानभाजी. कोवळी पानं, मुळं तोडलेली, एकही पिवळं पान नाही. एवढी खुडायला तीन तास तरी लागत असतील. मी विचारलं, कामावरून एवढा वेळ कसा मिळाला. म्हणाला, यम्मा, शाळेच्या आजूबाजूला खूप उगवलीय. मी कांद्यावर परतली, वर लिंबू पिळलं. मन भरून खाल्ली. मिस्त्री असावा तर असा, गिलावाही करतो आणि भाजीही निवडतो. खालच्या घरमालकिणीला वाटीभर नेऊन दिली आणि तेवढ्या निमित्ताने पुन्हा एकदा सांगितलं.

२५ मार्च, सोमवार

माझी कीर्ती वाढलीय. थंड देशातल्या बाईने हिशोब काढला, चाळीसपैकी चौतीस बरोबर. आता तिला माझा कान यंत्रात घालायचाय. म्हणजे मी काय दाबते ते बघून यंत्र शिकणार. मी म्हटलं, खुशाल शिकू दे, आधी त्याला पाच मुलं होऊ देत.

तेवढ्यात अबू सखर आला. धिप्पाड माणूस, लाल चौकड्यांचा रुमाल डोक्याला, आवाज असा की पेनं हलतात. म्हणाला, हिरवे आता येतात, मान्य, पण एक गिलावेवाला आठ दिवस झाले एकदाही उगवला नाही, आणि त्याच्यापायी वरच्या मजल्याचं काम थांबलंय. कोण आंधळं बसतं इथे निवडायला?

मी खुर्ची ढकलत त्याच्यापर्यंत गेले. म्हटलं, आंधळी नाही, अबू सखर, ऐकायचं काम आहे, बहिरी म्हण. त्याने लगेच हात छातीला लावला, म्हाताऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं म्हणाला, माफ करा हज्जा, तुम्ही आहात माहीत नव्हतं. मग मी त्या न आलेल्या माणसाचा उद्धार केला. कामचुकार, खोटारडा, असल्याला आईने वाढवलं तरी कसं, तोंडात इन्शाअल्ला घालताना जीभ कशी अडखळली नाही. अबू सखर माना डोलवत होता, मला चेव चढत होता. शेवटी त्यालाच वाटलं पुरे. म्हणाला, जाऊ द्या हज्जा, गरीब असेल बिचारा.

नावं सांगायचा नियम नाही, नुसता आकडा, अठ्ठावन्न. रनीम इतका वेळ लॅपटॉपच्या पडद्यात तोंड घालून बसली होती. वरिष्ठांसमोर आजीची लाज वाटली असेल.

२८ मार्च, गुरुवार

दर गुरुवारी माझ्या चुका मला परत ऐकवतात. या आठवड्यात सहा. रनीमने स्वतः माझ्या कानांवर वाट्या अडकवल्या, दार लावलं आणि समोर बसली. पहिल्या चार चुका झाल्या त्या झाल्या, माणसं आजारी पडली, एकाची बस चुकली. पाचवा लावला.

प्रश्न चालू होता तेवढ्यात उत्तर आलं. घाईघाईने. मग हातभर लांब दुवा, सावली काय, निरोगी आयुष्य काय. मी रनीमला म्हटलं, याला हिरवं कोणी दिलं? हा येणार नाही हे आमची शेळीसुद्धा सांगेल. इतका घाबरलेला इन्शाअल्ला मी वर्षभरात ऐकलेला नाही. दुवा पुरती संपायच्या आत मागून एका म्हातारीचा आवाज आला, चढा, खरखरीत, "झालं. येतोय तो." मी म्हटलं, आणि ही कोण थेरडी, माणसाला बोलू तरी देते का?

रनीम माझ्याकडे बघत राहिली.

बाहेरून आलेला स्वतःचा आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही, त्याला वेळ लागतो. मला बराच लागला.

पातळ वहीत आज "फार छान" लिहिलं नाही. "सहापैकी एक चूक म्हातारीची" असं लिहिलं.

३१ मार्च, रविवार

शुक्रवार, शनिवार मी तोंड बंद ठेवलं. घरातल्यांनी दोनदा माझा ताप बघितला.

आज नवाफ सहाला थापी काखेत मारून गेला. मी फिद्दाला म्हटलं, चल गच्चीवर, टाकी बघायचीय. ती म्हणाली, यम्मा, तुम्ही शिडी चढणार? चढले. मधे एक पायरी ढिली आहे, हे सात वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. वर गेल्यावर फिद्दा टाकीला टेकून बसली आणि मी न विचारताच बोलायला लागली. इतकी सलग ती माझ्याशी लग्नापासून बोललेली नाही.

गावातल्या त्या शेवटच्या वसंतात नवाफ तीन मजली घराच्या परांचीवर होता. समोरच्या घरावर तोफगोळा पडला. परांचीच्या फळ्या गेल्या. दोन माणसं त्याच्याबरोबर वर होती, तीही गेली. हा परांचीच्या खांबाला मिठी मारून दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत लटकून होता. काढायला गेले तर हात सुटेनात. मला तेव्हा सांगितलं होतं की पाय मुरगळलाय, आणि मी हळद लावली होती.

तेव्हापासून तो खुर्चीवरही चढत नाही. दिवा बदलायचा तरी फिद्दा. ती म्हणाली, यम्मा, तुम्ही आळशी म्हणायचात ते त्याला बरं वाटायचं. आळशी म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही.

पहिल्या दिवशी तो शाळेपर्यंत गेला होता. परांची बांधलेली पाहिली, फाटकातूनच फिरला. मग रोज माळावर. भाजी खुडत बसतो.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत? फिद्दा म्हणाली, केव्हा सांगणार, यम्मा? यात टोमणा नव्हता. एवढं आता मला कळतं.

शिडी उतरताना ती ढिली पायरी पायानेच चाचपून शोधली. खाली धरायला कोणी नव्हतं.

१ एप्रिल, सोमवार

रनीमला सगळं आधीपासून माहीत होतं. अठ्ठावन्न आकडा तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता. मी म्हटलं, मग मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, तेता, तुला सांगायचं म्हणजे आधी तू श्वास घ्यायला थांबायला हवं.

आज या घरात सगळ्यांना माझ्याबद्दल बोलायला वाचा फुटलीय. चालू द्या.

पण तिचं काम माझ्याकडे वेगळंच होतं. तिला लाल बटणावरचा शब्द बदलायचाय. म्हणाली, लाज न वाटता दाबता येईल असं "नाही" मला हवंय, ते तूच सांग. मी दुपारभर बसले. लग्नाच्या बोलण्यांत नाही कसं म्हणायचे ते आठवत बसले. मुलगा पसंत नसला तर मुलीचा बाप कधी नाही म्हणायचा नाही. म्हणायचा, हे नशीब दुसऱ्याचं, आमचं दुसरं बघा. तेच सांगितलं. रनीमने लिहिलं, "हे काम माझं नाही, दुसरं दाखवा." आणि त्याखाली कारण सांगायला आवाजाची जागा ठेवली. हवं तर बोला, नको तर नका बोलू. इतकी वर्षं जिने कोणाला "नाही" म्हणू दिलं नाही तिच्याकडूनच "नाही" लिहून घेतलं पोरीने.

२ एप्रिल, मंगळवार

दुपारपर्यंत सतरा जणांनी ते बटण दाबलं. नऊ सीरियन, आठ जॉर्डनी. एक बाई म्हणाली, मी शिवणकाम करते, पण जिथे दाराला आतून कडी असते तिथे नको. एक जॉर्डनी तरुण म्हणाला, दुकानात चालेल पण काकाच्या दुकानात नको, तो पगारासकट उपदेश देतो. इन्शाअल्ला अर्ध्यावर आले. थंड देशातली बाई हसत होती. माझी खुर्ची फार दिवस राहत नाही असं दिसतंय.

मग मी शाळेच्या बांधकामावर गेले. एकटी, दोन बस बदलून. जाताना मनात सगळं रचलं होतं, अबू सखरला काय सांगायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे डोळ्याला ओढणी लावायची. वाळूच्या ढिगापाशी त्याने मला प्लास्टिकची बादली उपडी घालून दिली बसायला. मी म्हटलं, अठ्ठावन्न नंबर माझा मुलगा आहे.

त्या दिवशी मी त्या न आलेल्या माणसाच्या आईबद्दल जे बोलले होते ते अबू सखरला आठवलं असणार, कारण मिशीखाली काहीतरी हललं. पण भला माणूस, हसला नाही. विचारलं, मग तो आला का नाही, हज्जा?

मी तोंड उघडलं होतं. सगळं तयार होतं. आणि मला दिसलं की ही थेरडी पुन्हा त्याच्याऐवजी बोलायला निघालीय, आणि या वेळी त्याची लाज घेऊन. म्हटलं, ते तो सांगेल. मला एवढंच सांग, तुझ्या शाळेला तळमजला आहे का.

अबू सखर म्हणाला, तळमजल्याशिवाय शाळा असते का? खाली सहा वर्ग कोरे पडलेत. वर चढणारे मला मिळतात, हात सफाईचा मिळत नाही. उद्या सकाळी सातला मी त्याला फोन करतो. त्याने हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं, दोन्ही मला चालेल. तिसरं काही ऐकायला माझ्याकडे वेळ नाही. नाही म्हणाला तर दुपारपर्यंत मी दुसरा माणूस घेतो, आणि राग धरत नाही.

संध्याकाळी नवाफ आला. पिशवीत पुन्हा खुब्बेझा. मी ती घेतली आणि म्हटलं, सगळी पानं तूच खुडलीस तर माळावरच्या शेळ्या काय खातील. तो दारातच थांबला. फिद्दा चुलीशी होती, वळली नाही. मी त्याला सांगितलं, उद्या सातला अबू सखरचा फोन येईल, गिलाव्याच्या कामासाठी. याहून एक शब्द जास्त बोलले नाही. जिभेला चटका बसल्यासारखं झालं, पण नाही बोलले.

तो म्हणाला, इन्शाअल्ला.

मी विचारलं, कुठला इन्शाअल्ला?

बराच वेळ तो थापीवरचं फडकं नीट करत राहिला. पन्नाशीचा माझा मुलगा, कानामागे सगळे केस पांढरे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "यम्मा, वर नाही."

"बरं," मी म्हटलं.

एवढंच. मग आम्ही जेवलो. भाजीत मीठ जास्त झालं होतं, कोणी बोललं नाही. मीही नाही.

३ एप्रिल, बुधवार. सहा वाजून चाळीस मिनिटं

तो उठलाय, तोंड धुतोय, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मोबाइल चटईवर मधोमध ठेवलाय, चार्ज पूर्ण आहे, आवाज मोठा केलाय, दोनदा बघितलं. फिद्दा भाकरी भाजायच्या नावाखाली तिसऱ्यांदा या खोलीत येऊन गेली. रनीम संस्थेत जायला तयार होऊन दाराशी बूट बांधतेय, आणि तोच बूट पुन्हा पुन्हा बांधतेय. तो हो म्हणेल की नाही म्हणेल ते मला माहीत नाही. चौतीस माणसांचं कळलं, याचं कळत नाही, आणि ते बरं आहे.

आता सगळ्यांनी ऐका. फोन वाजला की कोणी हात लावायचा नाही. फिद्दाने नाही, भाकरी जळाली तरी नाही. रनीमने नाही, ती कितीही शिकलेली असली तरी. वाजू दे दहा वेळा, वीस वेळा. नवाफने उचलायचा, नवाफनेच बोलायचं. आणि ए वदहा, तू वही मिट, मोरीकडे जा, नळ मोठा सोड आणि तिथेच उभी राहा.